२६० मिमीवर तोललेलं मॉडेल नाक वर का करतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, हाताने फेकून रिमोटवर उडवायच्या फोमच्या त्रिकोणी पंखाच्या जेट मॉडेलचा जो नकाशा आहे, त्यावर तुमचे आक्षेप तीन. एक, मागे प्रॉप (प्रोपेलर) लावलेल्या फोमला जेट म्हणू नये, डक्टेड फॅनच (नळीत बसवलेला पंखा) हवा. दोन, नकाशातला २२० मिमीचा सीजी (गुरुत्वमध्य, जिथे मॉडेल तोललं जातं) चुकीचा; तुम्ही तो २६० वर घेतला, तरी हातातून सुटताच मॉडेल नाक वर करून उलटलं. तीन, हॉट ग्लूने चिकटवलेला मोटर माउंट मे महिन्यात निसटला.

सीजीपासून सुरू करतो, कारण मॉडेल मोडलं ते त्यानेच. पंखाची मुळाची कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) ५२० मिमी, टोकाची १२०, मधल्या रेषेपासून टोकापर्यंत ३३०, मागची कड सरळ. यावरून सरासरी एरोडायनॅमिक कॉर्ड येते ३६२ मिमी. ती मधल्या रेषेपासून १३१ मिमीवर बसते आणि तिथे पुढची कड मुळापेक्षा १५८ मिमी मागे असते. न्यूट्रल पॉइंट (सीजी ज्याच्या मागे गेला की मॉडेल अस्थिर होतं) या कॉर्डच्या साधारण पाव भागावर धरायचा: १५८ अधिक ९०, म्हणजे २४८. तुमचा २६० त्याच्याही १२ मिमी मागे गेला. अशा वेळी नाक जरा उचललं की ते आणखी उचललं जातं, स्टिकने आवरत नाही. शिवाय पुढचा चपटा फ्यूजलाज (विमानाचं धड) न्यूट्रल पॉइंट अजून पुढे ओढतो, म्हणून २२० (सरासरी कॉर्डच्या सुमारे १७ टक्क्यांवर) ठेवला आहे. २६० हा मुळाच्या कॉर्डचा बरोबर निम्मा. आकडा तिथूनच आला असावा. माप मुळाच्या पुढच्या कडेपासून घ्या, नाकापासून नाही.

बॅटरीही बघा. ३एस २२०० ची (तीन सेल, २२०० एमएएच) लायपो बॅटरी साधारण १७५ ग्रॅम, नकाशाप्रमाणे मॉडेल ७८०. फेकताना ती ६ सेंमी मागे सरकली तर सीजी १३ मिमी मागे जातो. नुसतं वेल्क्रो पुरत नाही, वरून पट्टा आवळा.

तुमच्या मॉडेलचं वजन तुम्ही ११४० ग्रॅम लिहिलंय. नकाशात ६ मिमी डेप्रॉन (हलका फोमचा पत्रा) आहे, चौरस मीटरला जेमतेम २०० ग्रॅम. सनबोर्ड म्हणून दुकानात मिळणारा ५ मिमीचा पीव्हीसी बोर्ड त्याच्या दहापट तरी जड असतो. कापायच्या आधी तुकडा काट्यावर ठेवा. ७८० चे ११४० झाले की स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख मॉडेलला तोलून धरत नाही) एकवीस टक्क्यांनी वाढतो. एवढा वेग हाताने फेकून मिळवायचा म्हणजे खांदा निखळायचा. त्यात मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांना नागपूरची हवा डिसेंबरच्या १५ अंशांच्या सकाळपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. थ्रस्ट (प्रॉपची ढकल) घटतो, स्टॉल वेग वाढतो, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तापतो. उन्हाळ्यात सूर्योदयालाच उडवा.

फॅनची हौस रास्त आहे. पण ६४ मिमी फॅनचं फिरतं क्षेत्रफळ, मधलं हब सोडलं तर, ६ इंची प्रॉपच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्याच वॅटमध्ये उभ्या जागी प्रॉप जास्त ढकलतो, आणि हाताने फेकताना तेच लागतं. फॅन वेग आल्यावर रंगात येतो. चाकांवर धावायला सपाट पट्टा असेल तर जरूर लावा; काळ्या मातीच्या ढेकळांत चाकं चालत नाहीत. इनटेकचं (हवा आत घेणाऱ्या तोंडाचं) क्षेत्रफळ फॅनपेक्षा कमी नको, कड गोल हवी, एक्झॉस्ट (मागचं तोंड) फॅनच्या ८५ ते ९० टक्क्यांवर आवळा. खोक्यासारख्या फ्यूजलाजमध्ये काटकोनी वळण ठेवलंत तर फॅन नुसता ओरडतो.

ग्लूबद्दल तुमचं खरं आहे. बंद गाडीत हॉट ग्लू मऊ पडतो. माउंट ३ मिमी प्लायवुडचा करा, पाच मिनिटांच्या इपॉक्सीने बसवा. साधं फेविक्विक डेप्रॉनला खातं, फोम-सेफच घ्या. लायपोही गाडीत ठेवू नका.

पुढच्या वेळी दोन्ही एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) ३ मिमी वर ठेवा, प्रत्येकाची चाल वर-खाली १२ मिमी, रिमोटवर एक्स्पो (स्टिकची मधली चाल मवाळ करणारी सेटिंग) ३० टक्के. आधी उंच गवतावर मोटर बंद ठेवून सरळ, नाक किंचित खाली ठेवून फेका. मॉडेल सुतासारखं सरळ तरंगत उतरलं तरच पुढच्या फेकीला ८० टक्के थ्रॉटल. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात असाल तर २०० फुटांच्या खालीच राहा, आणि नागपुरात सोनेगाव (विमानतळ) किंवा वायुसेनानगरकडचं (हवाई दलाचा भाग) मैदान निवडण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून बघा.