माझी तीनच आहेत

“तुमची किती आहेत?”

मागून खांद्यावर दोन बोटं टेकली आणि हा प्रश्न आला. मी कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपुढे पापनिवेदन करायच्या, रांगेत उभा होतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शेवटचा शनिवार, म्हणजे वर्षभर चर्चच्या मागच्या खांबाला टेकून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकणारी मंडळी एकदम पापी होऊन उगवतात तो दिवस. मीही त्यातलाच. आत एक जण होता आणि पुढचा नंबर माझा होता. साडेचारपासून पाय मोडून कमावलेला.

“काय किती?”

“पापं हो.”

हे मला विचारायचा अधिकार एकाच माणसाला, म्हणजे फादरना आहे, आणि तोसुद्धा कन्फेशनच्या पेटीत जाळीपलीकडे बसून, माझ्याकडे न बघता विचारतो. या मावशी बघत होत्या. चांगल्या टक लावून.

“माझी तीनच आहेत,” त्या म्हणाल्या. “पटकन आटपेल. तुम्हाला जरा...” इथे थांबून त्यांनी मला केसांपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. “...वेळ लागेल ना.”

काय दिसलं असेल हो त्यांना? दाढी केलेली होती. शर्टाला इस्त्री होती. हातात जपमाळ होती, आणि ती मी चारचौघांना दिसेल अशीच धरली होती. (हेही पापच. पण तेव्हा यादीत नव्हतं.)

आता मुळात पापं मोजायची असतात हे खरं आहे. चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये ठरवून टाकलंय की घोर पापं प्रकारवार आणि संख्येसकट सांगायची. हलकी पापं नाही सांगितली तरी चालतं. तेव्हा मी शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, “तीन प्रकार, की तीन नग?”

“तीन म्हणजे तीन. त्यातली दोन जुनीच आहेत. फादरना माहीत आहेत.”

म्हणजे पेन्शनवाले हयातीचा दाखला देतात तसं. अमुक पाप अजून हयात आहे, सही करा.

“आणि तिसरं?” माझ्या तोंडून गेलंच.

मावशींनी पदर सावरला. “असं विचारू नये. गुप्त असतं ते.”

“पण तुम्हीच आत्ता मला...”

“मी आकडा विचारला. नावं विचारली का?”

याला उत्तर नव्हतं. तरी मी जागचा हललो नाही. तेव्हा त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. वेदीकडे हात करून म्हणाल्या, “शेवटचे ते पहिले होतील, असं प्रभूनेच सांगून ठेवलंय. मला काय, मी थांबते. तुमच्या मनाला काय वाटेल ते बघा.”

चर्चमध्ये उभं राहून शुभवर्तमानाशी हुज्जत घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी बाजूला झालो. लगेच त्यांच्या मागचा कॉलेजातला पोरगा पुढे सरकला. “काका, माझं तर एकच आहे.” मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला बहुतेक दुसरंही आठवलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी मावशी आत गेल्या. गुडघे टेकायची फळी करकरली, दारावरचा लाल दिवा लागला.

पाच पंचवीसला दिवा लालच. साडेपाचला लालच. तीन पापांना दहा मिनिटं! दर पापाला सव्वातीन मिनिटं हिशोब केला तरी बसत नव्हता. मग आतून हसण्याचा आवाज आला. हसण्याचा! मी गेली तीस वर्षं कन्फेशन करतोय, माझ्या एकाही पापावर कोणी हसलेलं नाही.

ही लाकडी पेटी आणि मधली जाळी सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केली. फार विचारी संत. पण आवाजाचा बंदोबस्त त्यांनीही पुरेसा केलेला नाही, कारण अधूनमधून एखादा शब्द बाहेर गळत होता. तो मी इथे सांगणार नाही. फादरांवर गुप्ततेचं बंधन असतं हे सगळ्यांना माहीत आहे. ते मोडलं तर थेट बहिष्कार. प्रागच्या योहान नेपोमुक यांना १३९३ मध्ये राजाने नदीत बुडवलं, ते राणीचं कन्फेशन सांगेनात म्हणून, अशी परंपरा आहे. पण चर्चच्या धर्मकायद्याचं ९८३वं कलम पुढे असंही म्हणतं की ज्याच्या कानावर ते कसंही पडेल त्यानेही तोंड बंद ठेवायचं. म्हणजे मीसुद्धा. एवढंच सांगतो, की जो शब्द चार वेळा ऐकू आला तो ‘मी’ नव्हता. ‘ती’ होता. माणसाने स्वतःची पापं सांगायला जावं आणि दुसऱ्याची सांगून मोकळं व्हावं, याला काय म्हणायचं? सांगत नाही, सांगत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस मला म्हणूनच आवडायचे. २०१४ च्या मार्चमध्ये सेंट पीटर्स बॅसिलिकात त्यांना लोकांची पापनिवेदनं ऐकायला बसायचं होतं. सोबतचे अधिकारी त्यांची जागा दाखवतायत, आणि हे दुसऱ्याच पेटीकडे वळले, तिथल्या धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून आधी स्वतःचं सांगून आले. त्यांना कोणी खांद्यावर टकटक करून “तुमची किती?” विचारलं नसणार.

आता थोडं रागाचं बोलतो. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करा, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. आपण सगळे तेवढंच पाळतो आणि तेही एकाच आठवड्यात. आणि फलकावर वेळ काय? ‘शनिवारी ५ ते ५.४५, अन्यथा फादरना आधी विचारून.’ आधी विचारून! कोण फोन करून सांगतं, की फादर, बुधवारी सोयीचं आहे का, जरा शरमेचं काम होतं? फ्रान्समधल्या आर्स गावचे फादर जॉन व्हियानी दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास पेटीत बसायचे आणि लोक नंबर लागेपर्यंत गावात मुक्काम करायचे. आमच्या फादरांना तसं बसायला सांगणं अन्याय आहे, मला कळतं. एकटा माणूस, त्याच्या डोक्यावर मिस्सा, आजारी माणसं, लग्नं, अंत्यविधी, गळकं छप्पर. पण माणूस वर्षभराचा धीर गोळा करून येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दिवा विझतो, त्याचं काय?

माझ्या तोंडावर विझला होता. गेल्या वर्षी, याच शनिवारी. रांगेत चौथा होतो. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात सगळं धाकट्या भावावर टाकून मी नामानिराळा राहिलो, आणि नंतर लोकांना “आम्ही दोघांनी केलं” असं सांगत फिरलो. ते सांगायला आलो होतो. घंटा झाली, फादर गळ्यातला स्टोल (उपरण्यासारखा पट्टा) घडी करत बाहेर आले, “पुढच्या शनिवारी या हं” म्हणाले. पुढच्या शनिवारी मी गेलो नाही. चार महिन्यांनी ते टोचायचंही थांबलं. यंदा तेच घेऊन आलो होतो.

पाच बेचाळीसला मावशी बाहेर आल्या. चेहरा असा उजळलेला की मला चीड आली. जाता जाता माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “जरा आटपतं घ्या हं. फादर दमलेत.”

मी आत गेलो. “फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटच्या पापनिवेदनाला दोन वर्षं झाली.” इथपर्यंत ठीक. पुढे भावाचं सांगणार, तोंडही उघडलं. आणि बाहेर काय पडलं, तर रांगेत मला राग आला, मग मी घड्याळ लावून मोजलं, मग कान दिला, पण फादर तुम्हीच सांगा, तीन सांगून बावीस मिनिटं म्हणजे काय, आणि मला वरपासून खालपर्यंत बघून...

जाळीपलीकडे शांतता. मग सुस्कारा.

“तुमचं स्वतःचं काही?”

“आहे ना फादर. ते भावाचं...”

मिस्साची पहिली घंटा झाली. बाहेर बाक सरकले. फादर म्हणाले, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा. मी म्हटली. त्यांनी हात उचलून पापमुक्ती दिली. विसरलेली पापंही त्यात धुतली जातात, फक्त आठवली की पुढच्या वेळी सांगायची असतात. पण हे विसरलेलं नव्हतं.

“प्रायश्चित्त म्हणून नमो मरियाची प्रार्थना तीन वेळा,” ते म्हणाले. “त्या बाईंसाठी.”

तीन. तीनच.

मी मधल्या ओळीत जाऊन गुडघे टेकले. शेजारी कोण आहे ते डोळे मिटण्याआधी बघायला हवं होतं. दोन झाल्या, तिसरी निम्म्यावर आली, तेवढ्यात कोपराला हलकंच ढोसलं गेलं.

“एवढ्यात झालं?” मावशी कुजबुजल्या. “मला वाटलं, तुमची पुष्कळ असतील.”

मी तिसरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.