थंडरबर्डला सुपरचार्जर "नुसता बसवायचा" असतो, असं म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. दोघं इथलेच, डेट्रॉइटच्या आसपासचे, एक कॅलिफोर्नियातला मावसभाऊ आणि एक ठाण्याचा कॉलेजातला मित्र, ज्याचा या गाडीशी काही संबंध नाही पण माझ्याकडे 2002 ची फोर्ड थंडरबर्ड आहे हे त्याला माहितीये. मेसेजमध्ये थोडक्यात असं लिहिलंय: 2002 ते 2005 ची रेट्रो थंडरबर्ड दिसायला देखणी पण पळायला मंद, तिचं इंजिन जॅग्वारचंच आहे त्यामुळे जॅग्वारचा सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) शनिवार-रविवारात बसतो, 8 पीएसआय बूस्ट (हवेचं जास्तीचं प्रेशर) म्हणजे सरळ 50 टक्के जास्त ताकद, कॉम्प्युटर स्वतःच जुळवून घेतो, प्रीमियम पेट्रोल टाकलं की झालं, बजेट कमी असेल तर टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरणारा तसाच पंप) लावा कारण तो फुकटात चालतो, आणि फोर्डने स्वतःच 1957 मध्ये हे केलंय मग घाबरायचं कशाला.

मी पोटापाण्यासाठी इंजिनांचं कॅलिब्रेशन करतो (पेट्रोल किती, ठिणगी कधी हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला ठरवून देतो) आणि ही गाडी मला मनापासून आवडते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. जो कोणी हे वाचून पैसे गुंतवणार आहे त्याचं इंजिन जाऊ नये एवढंच मला वाटतंय.

"मंद आहे" याच्यावर फार वेळ घालवत नाही. 2002 ला 252 हॉर्सपॉवर होते, 2003 पासून व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला आणि आकडा 280 वर गेला. गाडी 1,700 किलोच्या घरात. शून्य ते साठ मैलाला सातेक सेकंद. ही टपावरचं कापड खाली करून निवांत चालवायची गाडी आहे, तरी पिकअप वाढावा असं कुणाला वाटलं तर त्यात चूक काहीच नाही, मलाही कधीकधी वाटतं.

आता मुख्य मुद्दा, "8 पीएसआय म्हणजे 50 टक्के". हा हिशेब कुठून आला ते कळतं. बाहेरच्या हवेचं प्रेशर 14.7, त्यात 8 मिळवले की 22.7, भागाकार केला की 1.54, म्हणजे दीडपट हवा, म्हणजे दीडपट ताकद, म्हणजे 252 चे 380. कागदावर बरोबर दिसतं. पण लहानपणी सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका बसेल इतकं तापायचं, आठवतंय ना? हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. बाहेर 30 डिग्री असेल तर 1.54 पट दाबल्यावर आदर्श परिस्थितीतसुद्धा ती 70 ला जाते, आणि जुन्या रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरची कार्यक्षमता साधारण 60 टक्के धरली तर इंजिनात जाणारी हवा 95 डिग्रीच्या पुढे, म्हणजे चहाचं आधण येतं त्याच्या आसपास. त्या तापमानाला दीडपट प्रेशर असूनही प्रत्यक्षात हवा भरते ती सव्वापट. वर तो सुपरचार्जर फिरवायला बेल्ट लागतो, बेल्ट क्रँकवरून येतो, तिथे माझ्या हिशेबाने तीसेक हॉर्सपॉवर खर्च होतात. सगळं धरून इंटरकूलरशिवाय, म्हणजे ही दाबलेली हवा थंड न करता, 252 वाली गाडी 300 च्या आसपास पोचेल, 380 नाही. आणि हे 300 सुद्धा तेव्हाच, जेव्हा इंजिन नॉक करत नसेल (हवा-पेट्रोलचं मिश्रण आपोआप भडकून ठोके देत नसेल), आणि एवढ्या गरम हवेवर ते नॉक करणारच, मग कॉम्प्युटर टायमिंग मागे घेणार, म्हणजे ठिणगी उशिरा देणार, आणि मिळालेलं थोडंफार परत जाणार.

"इंजिन जॅग्वारचंच आहे" हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त नुकसान होतं. थंडरबर्डचं 3.9 लिटरचं व्ही-8 जॅग्वारच्या एजे-व्ही8 घराण्यातलंच, सिलिंडरचा बोअर (व्यास) दोन्हीकडे 86 मिलिमीटर. पण जॅग्वारचं इंजिन वेल्समध्ये ब्रिजेंडला बनायचं, आपलं ओहायोत लायमाला, आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 85 मिलिमीटर, जॅग्वारच्या 4.2 चा 90.3. तेही सोडा. खरी गोष्ट कॉम्प्रेशनची आहे, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो त्याची; ते आधीच जास्त असताना वर बूस्ट दिला की नॉक. 2003 नंतरच्या थंडरबर्डचं कॉम्प्रेशन 10.75 ला 1. आता जॅग्वारने स्वतः काय केलं ते बघा. त्यांचं साधं 4.2 होतं 11 ला 1, त्याच इंजिनावर सुपरचार्जर लावताना त्यांनी ते 9.1 ला 1 केलं. आधीचं 4.0 असंच, साधं 10.75, सुपरचार्जरवालं 9. म्हणजे पिस्टनच वेगळे. शिवाय दोन्ही बाजूंना पाण्यावर चालणारे इंटरकूलर. आणि 4.0 च्या काळात तर साध्या गाडीला झेडएफचा गिअरबॉक्स होता आणि सुपरचार्जरवाल्या एक्सजेआर, एक्सकेआरला मर्सिडीजचा, कारण टॉर्क झेपायला हवा. जॅग्वारचीच सुपरचार्जरवाली एस-टाइप आर ही तर आपल्या गाडीची सख्खी बहीण, दोघींचा प्लॅटफॉर्म एकच, डीईडब्ल्यू98, तिच्यातही ब्रेक ब्रेम्बो कंपनीचे, भारीतले, टाकले होते. हे सगळं ज्यांनी ते इंजिन जन्माला घातलं त्या लोकांनी केलेलं आहे. मेसेज लिहिणारा म्हणतो वरचा भाग काढा आणि बसवा. वरचा भाग बसेलही, पण खाली पिस्टन 10.75 चेच राहतात त्याचं काय?

कुणी म्हणेल जॅग्वार जुन्या विचाराची कंपनी. बरं, मग मिनी घ्या. तीही रेट्रोच, तीही कन्व्हर्टिबल मिळायची. साध्या कूपरचं कॉम्प्रेशन 10.6, सुपरचार्जरवाल्या कूपर एसचं 8.3. त्या काळच्या, पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांवर कंपनी बूस्ट द्यायची तेव्हा आधी कॉम्प्रेशन खाली आणायची. "माझदा मियाटाला तर सगळेच टर्बो लावतात" हेही मेसेजमध्ये शेवटी जोडलेलं आहे. हो, लावतात, आणि पहिल्या मियाटावर ते बरं चालतंही, कारण तिचं 1.6 चं कॉम्प्रेशन 9.4 आहे आणि त्याच घराण्यातलं इंजिन माझदा आधीपासून 323 मध्ये टर्बो लावून विकत होती. मियाटाला जे पचतं ते थंडरबर्डला पचेलच असं नाही.

"कॉम्प्युटर स्वतःच जुळवून घेतो". हे वाचून मला खरंच काळजी वाटली, कारण यात अर्धवट ज्ञान आहे आणि धोका पूर्ण आहे. कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल कमीजास्त करतो हे बरोबर, पण कधी? सावकाश, एका वेगात चालवताना. तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो त्या सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि हवेच्या मीटरवरून ठरलेल्या तक्त्यातला आकडा उचलतो. आता त्या मीटरने कधी एवढी हवा बघितलेलीच नाही, तक्त्यात ते रकानेच नाहीत, आणि इंजेक्टर 252 किंवा 280 हॉर्सपॉवरच्या हिशेबाने निवडलेले. म्हणजे नेमकं जेव्हा सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच ते कमी पडतं. मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त तापतं, तापलं की नॉक. नॉक सेन्सर आहे, तो टायमिंग मागे घेतो, पण तो नॉक झाल्यावर घेतो, होण्याआधी नाही.

हे नुसतं पुस्तकी सांगत नाहीये. माझ्या ओळखीतल्या, मूळच्या पुण्याच्या पण इथेच राहणाऱ्या एका मित्राने आपल्या 2003 च्या थंडरबर्डला गेल्या वर्षी एका गॅरेजमधून असाच वापरलेला सुपरचार्जर बसवून घेतला. सहा आठवडे गाडी झकास पळाली, फोनवर तो इतका खूश होता की मलाही बरं वाटलं. मग एक दिवस म्हणाला ऑइल पितेय आणि आयडलला थरथरतेय. शनिवारी सकाळी त्याच्या घरी गेलो, प्लग काढले. सात नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक बारीक चकचकीत ठिपके होते, मिरपूड भुरभुरावी तसे, फक्त चांदीच्या रंगाचे. मी त्याला टॉर्च धरायला सांगितला आणि बोटाने दाखवलं, तो म्हणाला हे काय आहे, मी म्हटलं हा तुझा पिस्टन आहे. ते ॲल्युमिनियम असतं, नॉकिंगने पिस्टनच्या माथ्यावरून सुटून प्लगवर चिकटलेलं. कॉम्प्रेशन तपासलं तर बाकी सातांत ठीक, त्या एकात निम्मंही नाही. नंतर इंजिन उघडलं तेव्हा दोन रिंगांच्या मधली कड तुटलेली निघाली. तो काही बोलला नाही, किल्ल्या हातात घेऊन गाडीच्या दारात बसून राहिला. त्याच्या मुलीच्या शाळेतल्या पहिल्या दिवसाचा फोटो त्याच गाडीत काढलेला होता.

"प्रीमियम टाकलं की झालं" याला उत्तर असं की ही गाडी मुळातच प्रीमियमवर चालवायची आहे, म्हणजे ती सवलत आधीच वापरून झालेली आहे. आणि प्रीमियम म्हणजे तरी काय? आमच्या मिशिगनमध्ये 93 ऑक्टेन (हा आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल नॉकला कमी बळी पडतं) सहज मिळतं, माझ्या मावसभावाकडे कॅलिफोर्नियात पंपावर 91. इथे 93 वर ट्यून केलेली गाडी तिकडे नेली तर तीच सेटिंग नॉक देऊ शकते. कॅलिफोर्नियावाल्यांना अजून एक, तिथे सुपरचार्जरच्या किटला राज्याच्या एअर बोर्डाचा (हवा प्रदूषण मंडळाचा) मंजुरी नंबर लागतो, तो नसेल तर स्मॉग चेकला (गाडीच्या प्रदूषण तपासणीला) बॉनेट उघडल्यावरच नापास. मावसभावाने हे विचारलंही नव्हतं.

आता टर्बो. "फुकटात चालतो" कारण वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो, असं म्हणतात. पूर्ण फुकट नसतो, धुराच्या वाटेत टर्बाइन आली की पिस्टनला धूर ढकलायला जास्त जोर लागतो, तरी सुपरचार्जरपेक्षा इंजिनाची ताकद कमी खातो, हे मी मान्य करतो. अडचण वेगळी आहे. या गाडीचं बॉनेट लांब दिसतं पण आत व्ही-8 च्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा नाही. तिथे लालभडक तापणारी टर्बाइन बसवायची, आणि शेजारी काय? या इंजिनाची कूलिंगची कितीतरी जोडणी प्लॅस्टिकची आहे, वीस वर्षांत ती बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. थर्मोस्टॅटचं हाउसिंग माझ्याच गाडीचं, काहीही न लावता, हातात तुटून आलं होतं. आणि इग्निशन कॉइल! प्लगच्या विहिरीत ऑइल किंवा कूलंट झिरपतं आणि कॉइल एकामागून एक जातात, या गाडीच्या प्रत्येक मालकाला हे भोगायला लागलंय. जी कॉइल साध्या प्रेशरला मिसफायर देते ती बूस्टमध्ये काय करणार?

गिअरबॉक्सबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. फोर्डचा 5आर55 आहे, त्याच्या ॲल्युमिनियमच्या केसमध्ये सर्वो पिनची (गिअर बदलायला मदत करणाऱ्या पिनची) भोकं झिजतात, प्रेशर गळतं आणि दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना इंजिन उगाच ओरडतं. हे बूस्ट न देता होतं. टॉर्क वाढवला की ते लवकर होणार, इतकं साधं आहे. आणि छप्पर नसलेल्या गाडीचा सांगाडा जास्त पिळवटतो हेही विसरू नका, फोर्डने आपल्याच लिंकन एलएस या सेडानचा सांगाडा आखूड करून ही बनवली आणि खालून एक्सच्या आकाराचे ब्रेस बोल्टने लावले ते उगाच नाही.

राहिला 1957 चा दाखला. हो, त्या वर्षी एफ-कोड थंडरबर्ड निघाली होती, 312 क्युबिक इंचाच्या व्ही-8 वर सुपरचार्जर, अधिकृत 300 हॉर्सपॉवर, दोनशेच्या आसपासच बनल्या. सुंदर गाडी. पण त्या इंजिनाची हेड्ससुद्धा वेगळी होती, कॉम्प्रेशन खाली आणलेली! म्हणजे हा दाखला मेसेजच्या बाजूने नाहीच, उलट्या बाजूने आहे. नव्या थंडरबर्डची सुपरचार्जरवाली कॉन्सेप्ट पण फोर्डने दाखवली होती, मात्र विक्रीला कधीच आणली नाही.

तरीही कुणाला करायचंच असेल तर होत नाही असं मी म्हणत नाही. कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन, पाण्याचा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, पेट्रोल पंप, डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून केलेलं ट्यूनिंग, गिअरबॉक्सच्या भोकांना बुश, आणि त्याच्याही आधी नवी कूलिंग, नव्या कॉइल आणि आठही सिलिंडरची लीकडाउन टेस्ट, म्हणजे हवा कुठून गळते का त्याची तपासणी. याचा सगळा खर्च मांडला की बऱ्याच वेळा गाडीच्या किमतीच्या वर जातो. आणि चार वर्षांत मिळून सुमारे 68,000 च बनलेल्या या गाडीचं गिऱ्हाईक मूळ अवस्थेतली गाडी शोधत असतं, कापाकापी केलेली नाही.

माझ्या मित्राच्या गाडीत आता लिंकन एलएसमधून काढलेलं वापरलेलं 3.9 बसलंय, साधं, बूस्टशिवाय. सुपरचार्जर त्याच्या गराजमध्ये शेल्फवर खोक्यात आहे, तो त्याने विकायला काढलेला नाही, कारण विकत घेणारा त्याचं काय करेल हे त्याला माहितीये. ऑगस्टात डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांच्या दरवर्षीच्या क्रूझला आम्ही दोघं आपापल्या गाड्या घेऊन जाणार आहोत, ज्याला कुणाला किट घ्यायच्या आधी तो प्लग डोळ्यांनी बघायचाय त्याने तिथे भेटा, मी जपून ठेवलाय.