‘अनुकंपावर लागलेला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखटही, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता इथे सविस्तर लिहितो.

मूळ लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की, कचेरीत एखाद्याची ओळख ‘हा अनुकंपावर लागलाय’ (म्हणजे घरातला सरकारी कर्मचारी सेवेत असताना वारल्यावर कुटुंबातल्या एकाला मिळणाऱ्या नोकरीवर) अशी करून देणं अपमानाचं आहे. त्यावर तुमचं म्हणणं असं : अनुकंपा म्हणजे दयाच, कोशातही तसंच दिलंय, मग राग कशाला? ही नोकरी म्हणजे बापाच्या जागी पोराचा वारसाहक्क, तेव्हा सरळ ‘वारसनियुक्ती’ म्हणा. स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या जागा यात जातात. आणि शेवटी तुमच्या कार्यालयातल्या एका कामचुकार गृहस्थांचा दाखला.

वारसाहक्कात तुमची सरळ गल्लत झाली आहे. वारसाहक्काने नोकरी देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, पण ती वेगळी. सफाई कामगारांच्या प्रश्नांवरच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार नुसता निवृत्त झाला तरी त्याच्या वारसाला नोकरी मिळू शकते. (हाच हक्क नेमका याच घरांसाठी का राखला गेला, आणि तो हक्क म्हणावा की बेडी, यावर कधीतरी वेगळं लिहीन.) अनुकंपेत कर्मचारी सेवेत असताना गेलेला असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये उमेशकुमार नागपाल विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं : मिळवतं माणूस गेल्यावर घरावर जे अचानक संकट कोसळतं, त्यातून कुटुंब तरून जावं एवढाच या नियुक्तीचा हेतू. म्हणून वडील मोठे अधिकारी असले तरी लेक लागते ती गट क किंवा गट ड मध्ये, म्हणजे कारकून, शिपाई अशा खालच्या पदांवर. बापाची खुर्ची कुणालाच मिळत नाही.

स्पर्धेचा मुद्दा थोडा खरा आहे. परीक्षेच्या रांगेतून सूट मिळते, हे मी नाकारत नाही. पण पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच, आणि या जागांना मर्यादाही असते. केंद्र सरकारात सरळसेवेच्या (बढतीने नव्हे, थेट भरतीने भरायच्या) जागांपैकी फक्त ५ टक्के. शिवाय नोकरी घेणाऱ्याला घरातल्या बाकीच्या अवलंबितांना सांभाळण्याची लेखी हमी द्यावी लागते. परीक्षा देऊन लागलेल्या कुणाकडून सरकार असं काही लिहून घेतं का?

आता शब्द. कोशात दया आहे, मान्य. पण संस्कृतात ‘कंप्’ म्हणजे थरथरणं आणि ‘अनु’ म्हणजे मागोमाग. दुसरा हादरला की आपणही हादरणं, हे या शब्दाच्या पोटात आहे. दया सवडीने करता येते, हादरणं सवडीने होत नाही. बुद्धांनी भिक्खूंना चारिकेला, म्हणजे उपदेश करत गावोगाव फिरायला, पाठवताना जे सांगितलं त्यातले ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे शब्द आपल्या एसटीने ब्रीद म्हणून घेतले. त्या पाली वाक्यातला लगेच पुढचा शब्द आहे ‘लोकानुकम्पाय’. तिथे कुणी भीक घालत नाही आणि कुणी पदरही पसरत नाही. आपल्या बोलण्यात अनुकंपा फारशी येत नाही, आपण कणव म्हणतो, कळवळा म्हणतो. ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती’ असं तुकोबांनी आईच्या मायेबद्दल म्हटलंय. आईच्या कळवळ्यावर वाढलेल्या मुलाला ‘हा कळवळ्यावर वाढलाय’ असं कुणी हिणवत नाही.

माझी खरी तक्रार मात्र तुमच्यावर नाही, प्रतीक्षायादीवर आहे. घर कोसळलंय म्हणून जी सोय केली, तिच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं यादीत थांबतात. आईने अर्ज करायचा, नाव चढायचं, दर खेपेला ‘पद रिक्त नाही’ ऐकून परत यायचं. वयाची ४५ वर्षं झाली की नाव यादीतून निघतं. मग तिच्या जागी तोवर सज्ञान झालेल्या मुलाचं नाव लावायचं की नाही, यावरून मुंबई उच्च न्यायालयात याचिकांमागून याचिका झाल्या. आणि फार उशीर झाला की न्यायालयंच म्हणतात, इतकी वर्षं कुटुंब तगलं, म्हणजे तातडीचं संकट उरलं नाही. कायद्याच्या तर्काला ते धरून आहे. पण उशीर बहुतेक वेळा कार्यालयाचा असतो आणि त्याचा तोटा सोसतं ते घर.

म्हणूनच ‘वारसनियुक्ती’ हे नाव मला नको. वारसा थांबला तरी बिघडत नाही, सात-बारावरची नावं दोन पिढ्या लागत नाहीत तरी चालतं. ‘अनुकंपा’ म्हटलं की निदान विचारता येतं, मग इतका वेळ का? तो शब्द सरकारच्या तोंडी राहू दे. माझा आक्षेप तो माणसाच्या नावामागे बिरुदासारखा चिकटवण्याला आहे. तुमच्या शेजारच्या टेबलावरची बाई नियुक्तीला वीस वर्षं झाली तरी ‘अनुकंपावाली’च असेल, तर एमपीएससीतून आलेल्याला आपण आयुष्यभर ‘परीक्षावाला’ का म्हणत नाही?

राहिले तुमचे ते गृहस्थ. फायली दाबून ठेवतात, दुपारी जागेवर नसतात, असं तुम्ही लिहिलंत. तसं असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ आहेत, साहेबांकडे लेखी तक्रार करा. त्या अर्जात ते नोकरीला कसे लागले हे लिहायची गरज पडणार नाही.