सोलापूरला समुद्र दोन बाजूंनी आहे

मे महिन्यात अरबी समुद्रात किंवा ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात काही हललं, की सोलापूरच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: "सोलापूरपासून समुद्र पावणेतीनशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री उभा. चक्रीवादळ इथवर येऊच शकत नाही. २०२० च्या ऑक्टोबरातलं ते वादळ नव्हतं, परतीचा पाऊस होता. वादळ असतं तर त्याला नाव नसतं का? पूर आणला उजनी धरणाने. वादळं ही किनाऱ्यावरच्यांची डोकेदुखी. तिथंही वाऱ्याला टिकेल असं पक्कं घर आणि समुद्राला सलग भिंत घातली की काम झालं. घाबरू नका." घाबरू नका, हे ठीकच आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

"पावणेतीनशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री." अंतर ढोबळमानाने बरोबर आहे, समुद्र चुकला. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक करून उत्तरेला गुजरातकडे किंवा पश्चिमेला ओमानकडे सरकतात. कोकणावर आलीच, जसं ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तर सोलापूरच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही. इतपत तो मजकूर खरा. पण सोलापूरचा पाहुणा पूर्वेकडून येतो. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या काकीनाड्यापासून सोलापूर सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास, आणि या वाटेवर सह्याद्री लागतच नाही. पूर्वघाट आहे, पण गोदावरी आणि कृष्णेने त्याला खिंडारं पाडलेली. पुढे सगळं पठार, हळूहळू चढत साडेचारशे मीटरवर येणारं.

१३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कमी दाबाचं अतितीव्र क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं. त्या रात्री हैदराबाद बुडालं, १४ तारखेला सोलापूर आणि पंढरपूर. पंढरपुरात चंद्रभागेकाठी कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. त्यानंतर तीच कमी दाबाची यंत्रणा सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रात उतरली आणि तिथं पुन्हा जोर धरू लागली. म्हणजे सह्याद्री तिला अडवू शकला नाही, आणि अडवू शकला असता तरी सोलापूर त्याच्या अलीकडेच आहे.

जमिनीवर आल्यावर वारा पडतो, हे खरं. वादळाचं इंधन म्हणजे साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम समुद्रावरची वाफ. ती तुटली आणि खाली झाडं, घरं, डोंगर घासायला लागले, की साधारण अर्ध्या दिवसात वारा निम्म्यावर येतो. पण हवेत आधीच भरलेली वाफ कुठं जाणार? ती पाऊस होऊनच खाली येते. त्यात यंत्रणा रेंगाळली तर एकाच खोऱ्यावर बरसते. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी. ज्या जिल्ह्याची वर्षाची सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तिथं एका रात्रीत एवढं पडलं तर ओढ्याला त्याची सवयच नसते.

"वादळ असतं तर त्याला नाव असतं." नाव मिळतं ते वाऱ्यावरून, पावसावरून नाही. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असेल तर हवामान विभाग त्याला कमी दाबाचं तीव्र क्षेत्र म्हणतो, ५० ते ६१ असेल तर आणखी एक पायरी वर, अतितीव्र क्षेत्र, आणि ६२ च्या पुढे गेलं तरच ते चक्रीवादळ आणि तरच त्याला नाव. काकीनाड्याला आलेलं या उंबरठ्याच्या अगदी तोंडाशी होतं, म्हणून बिनानावाचं राहिलं. आता हा उंबरठा कौलं आणि विजेचे खांब यांच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. सीना नदीच्या पुलाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही. सोलापुरात बसून बातमी बघताना नाव आणि वाऱ्याचा वेग सोडून द्या. दोन गोष्टी बघा: मार्गाची रेषा तेलंगणातून पश्चिमेकडे येते का, आणि जिल्ह्याला पावसाच्या इशाऱ्याचा रंग कोणता दिलाय. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. लाल रंग आला तर रात्रीचा प्रवास रद्द करायचा. फरशी पुलावरून वाहणारं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी सरकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगत जातात.

परतीचा पाऊस ओळखणं अवघड नाही. दिवसभर ऊन, दुपारनंतर ढग, गडगडाट, तासाभराचा दणका, आणि शेजारच्या गावात रस्ता कोरडा. कमी दाबाचा पाऊस रात्रभर, एका लयीत, तीन-चार जिल्ह्यांवर एकदम पडतो.

"पूर उजनीने आणला." यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच हा मुद्दा सर्वांत जास्त चालतो. भीमेवरच्या उजनीतून तेव्हा दोन लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला दोन लाख घनफुटांच्या वर विसर्ग झाला. पण हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक लाख क्युसेकने तेवढं पाणी यायला दहा हजार सेकंद लागतात, पावणेतीन तास. येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, विसर्गापेक्षा दोन लाख क्युसेकने जास्त असेल, तर तीन टीएमसीची मोकळी जागा चार तास दहा मिनिटांत संपते. ऑक्टोबरात धरण काठोकाठ असतं, कारण पुढच्या उन्हाळ्यासाठी ते भरून ठेवणं हेच त्याचं काम. भरलेल्या धरणातून येईल तेवढं सोडावंच लागतं. आधी किती आणि केव्हा सोडलं, यावर वाद घालायला जागा आहे, आणि तो घालावाच. मात्र नीरा उजनीच्या खाली नरसिंगपूरला भीमेला मिळते, सीना तर पार हत्तरसंग कुडलला. सीना आणि बोरीही तेव्हा पात्राबाहेर आल्या. त्यांच्या उगमाकडे उजनी नाही.

ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते दुखणं वेगळंच आहे: बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरला की, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर, बर्गे टाकून पाणी अडवतात. नेमक्या त्याच आठवड्यात उपसागरातली यंत्रणा आली तर दारं बंद, वर पाणी चढलेलं, बर्ग्यांना झाडंझुडपं आणि ऊस अडकलेला. अशा वेळी ते हाताने निघत नाहीत. बंधारा स्वतः टिकतो, पण पाणी बाजूचा मातीचा भराव फोडून वळसा घेतं आणि लगतच्या शेताची माती घेऊन जातं. म्हणून पूर्वेकडून यंत्रणा येतेय असं कळताच बर्गे टाकणं चार दिवस पुढे ढकलायचं, टाकलेले असतील तर नदी चढायच्या आधी, दिवसाउजेडी काढून काठाच्या वर रचून ठेवायचे. हा बंधाऱ्याचा वळसा लक्षात ठेवा, पुढे समुद्राच्या भिंतीला लागणार आहे.

"किनाऱ्यावर पक्कं घर असलं की झालं." किनाऱ्यावर माणसं मारतं ते पाणी. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात केंद्रातला दाब नेहमीपेक्षा शंभरेक मिलिबारने, ९१२ पर्यंत उतरला होता, म्हणजे या कारणाने फुगवटा जेमतेम मीटरभर. पण पाणी चढलं पाच-सहा मीटर. उरलेलं काम वाऱ्याने केलं. उथळ समुद्रात वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला तळाशी परत फिरायला जागा नसते, ते किनाऱ्यावर साचत जातं. वर भरतीची वेळ साधली तर तेवढी भर वेगळी. १९ नोव्हेंबर १९७७ ला कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमा बेटावर असंच सुमारे पाच मीटर पाणी कित्येक किलोमीटर आत घुसलं. मृतांचा सरकारी आकडा दहा हजारांच्या जवळ गेला. पाच मीटर पाण्यात एकमजली घर पक्कं असो की कच्चं, छत पाण्याखालीच.

तिथं उपयोगी पडतो तो खांबांवर उचललेला, गच्चीवर जाता येईल असा निवारा, आणि त्यात वेळेवर पोचणं. २०१३ च्या 'फायलिन'मध्ये ओडिशाने दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली. बळी दोन आकडी राहिले. हलवताना सरसकट किनारा धरायचा नसतो. पूर्व किनाऱ्यावर वादळ पश्चिमेकडे जात असेल तर केंद्राच्या उत्तरेला वारा समुद्राकडून येतो, फुगवटा तिथं. दक्षिणेला वारा जमिनीकडून वाहतो आणि पाणी उलट मागेही हटतं. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचं शांत केंद्र, डोक्यावर आला की वारा एकदम थांबतो. लोक गुरं सोडायला, छपरं बघायला बाहेर पडतात, आणि तासाभरात उलट्या दिशेने पूर्ण जोराचा वारा सुरू होतो.

"समुद्राला सलग भिंत घाला." पुळण, म्हणजे किनाऱ्याचा वाळूचा पट्टा, ही थांबलेली जागा नाही, वाळूची वाहती नदी आहे. लाट तिरकी येते, सरळ परतते; प्रत्येक फेरीत कण किनाऱ्याने थोडा पुढे सरकतो. आपल्या पूर्व किनाऱ्यावर वर्षाचा हिशेब काढला तर ही वाळू उत्तरेकडे जाते. मध्ये काही आडवं टाकलं की ती दक्षिणेला साठते आणि उत्तरेचा किनारा उपाशी मरतो. चेन्नईच्या बंदराने दक्षिणेकडे मरीना रुंद केली आणि उत्तरेकडे रोयापुरम खाल्लं. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदर झालं आणि शहरापुढची पुळण गेली. उरला तो दगडांचा ढीग.

किनाऱ्याला समांतर भिंतीचा त्रास निराळा. उताराची पुळण लाटेला दमवते, उभी भिंत तिला परत फेकते. परतलेली लाट भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते. खड्डा किती, तर ढोबळमानाने लाटेच्या उंचीएवढा. खोली वाढली की पूर्वी दूर फुटणारी मोठी लाट आता थेट भिंतीवर फुटते. आणि दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात लागतं: लाट दुप्पट, तर दगड आठपट. म्हणजे पाच वर्षांपूर्वी पुरेसा असलेला दोन टनी दगड भिंतीनेच खणलेल्या खड्ड्यामुळे अपुरा ठरतो. दगडांखाली जाळीदार कापड किंवा बारीक खडीचा थर नसेल तर फटींतून वाळू शोषली जाते आणि भिंत आहे तिथंच खचते. ठेकेदार पहिला खर्च वाचवतो तो नेमका हा थर, कारण काम झाल्यावर तो दिसत नाही. आणि भिंत जिथं संपते तिथं? बंधाऱ्याचा भराव आठवा. तोच वळसा. पुढचं गाव मागच्या गावाच्या भिंतीमुळे कापलं जातं, मग त्यालाही भिंत हवी, मग त्याच्या पुढच्याला.

काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा आहे. गोदावरीच्या वाळूने गेल्या दोनेकशे वर्षांत होप आयलंड नावाचा लांब दांडा तयार केला. तो काकीनाड्याला आडोसा देतो, पण उप्पाड्याकडे जाणारी वाळू अडवून धरतो. तिथं रेती भरलेल्या जिओट्यूब (कापडाच्या लांब नळ्या) टाकून झाल्या, दगड टाकून झाले. किनाऱ्याचा रस्ता वादळागणिक तुटतोच.

मग करायचं काय? अडलेली वाळू उपसून पलीकडे टाकायची, विशाखापट्टणमला बंदराशी साठलेली वाळू अशी टाकतात. पुदुच्चेरीत २०१८ मध्ये पाण्याखाली बुडता अडथळा टाकून लाट अलीकडेच दमवली, तेव्हा काही पुळण परत आली. वाळूच्या टेकड्या सपाट करून सुरूची रोपं लावण्यापेक्षा टेकडी आणि तिच्यावरची मर्यादवेल राखणं स्वस्त पडतं. टेकडी म्हणजे वादळासाठी ठेवलेली शिल्लक: वादळ ती वाळू ओढून नेतं, पुढच्या महिन्यांत लाटा बरीचशी परत आणून टाकतात. खारफुटीचं नावही अशा चर्चेत येतंच. ती चिखलाच्या खाडीत उगवते, उघड्या लाटांच्या वाळूवर नाही. आणि फुगवटा कमी करते तो किलोमीटरमागे काही सेंटिमीटरांपासून फार तर अर्ध्या मीटरपर्यंत. दोन ओळी झाडांनी काही होत नाही. सर्वांत भरवशाचा उपाय मागे सरून बांधणं, पण २०१९ च्या किनारा नियमनाने दाट वस्तीच्या गावांत बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. आमच्या मते ही उलटी चाल आहे.

"आपला किनाऱ्याशी काय संबंध?" पंढरपूरची भीमा पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा दिवीसीमेला वेढा घालून समुद्रात जाते. ती जमीन या नद्यांच्या गाळानेच बनली आहे. ताजा गाळ येत राहिला नाही तर जुना दबत जातो, जमीन खाली बसते, आणि तोच फुगवटा आणखी आत शिरतो. आज भीमेचा गाळ आधी उजनीत बसतो. त्यातून सुटलेला कृष्णेवरच्या जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर या धरणांत आणि प्रकाशम बंधाऱ्यापाशी. मुखाशी पूर्वीच्या मानाने अगदी थोडा पोचतो. उजनीचा गाळ उपसून शेतात टाकणं रानाला चांगलंच, धरणातही जागा होते. किनाऱ्याला मात्र त्यातला कणही मिळत नाही. तळाच्या दारांतून गाळ खाली सोडायचा तर ऐन पुरात धरणाची पातळी ओढून खाली धरावी लागते. पुढे पुण्याकडे पाऊस पडेलच, या भरवशावर एवढं पाणी सोडून द्यायला कोणी अभियंता धजणार नाही, आणि धजला तरी ऊसवाले त्याला तसं करू देणार नाहीत.