बेडेकरांच्या मिसेस

आज एका साखरपुड्याच्या जेवणात पुस्तकांचा विषय निघाला. शेजारच्या खुर्चीवरचे काका विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' कादंबरीवर बोलत होते. ती बोट, चक्रधर, हॅर्टा, सगळं रंगवून. मी म्हटलं, मला त्या घरात त्यांच्या पत्नी, लेखिका मालतीबाई जास्त आवडतात. तर मठ्ठ्याचा घोट घेऊन काका म्हणतात, "हो हो, बेडेकरांच्या मिसेसही लिहायच्या ना थोडंफार!"

थोडंफार!

व्याह्यांकडची माणसं, म्हणून गप्प बसले. मुकाट्याने जिलबी खाल्ली. रिक्षात बसल्यापासून डोकं तडतडतंय.

अहो काका, १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे मालतीबाईंचं कथांचं पुस्तक आलं तेव्हा बाई कुणाच्याही मिसेस नव्हत्या. बाळूताई खरे होत्या. विभावरी शिरूरकर या नावाने लिहिलं आणि असा गहजब उडाला की ही विभावरी कोण, यावर लोक तर्क लढवत बसले. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. तुमचं 'रणांगण' १९३९चं. म्हणजे कादंबरीकार म्हणून बाई सीनियर! दोघांना छापणारे ह. वि. मोटेही एकच. बरं, 'रणांगण' थोर आहे, मान्य. त्याला कोण नाही म्हणतंय?

माझ्या रागाचं खरं कारण आत्या आहे.

आत्या साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं. 'केलं नव्हतं' असं आम्ही म्हणायचो. एक तारखेला घरी आली की चपला काढून आधी पगाराचं खाकी पाकीट देवापुढे ठेवायची. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, ते उचलायचे, अंगठा जिभेला लावून नोटा मोजायचे आणि दहाची एक नोट तिच्याकडे सरकवायचे. "ही ठेव तुला." तिच्याच पगारातली नोट, आणि "ठेव तुला"! आत्या ती घडी घालून ब्लाउजमध्ये खोचायची आणि चहा टाकायला जायची.

अकरावीत असताना तिने मला 'कळ्यांचे निःश्वास' दिलं. अनुक्रमणिकेत एकाच कथेपुढे पेन्सिलीची बारीक फुली होती. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' आत्या म्हणाली, "ही आधी वाच. बाकीच्या राहिल्या तरी चालतील."

शिकलेली, कमावणारी मुलगी, आणि तिच्या कमाईची सवय लागलेलं घर. लिहिणाऱ्या बाईने आमचं घर पाहिलं कधी, असं मला वाटलं. वाचून तशीच स्वयंपाकघरात गेले. आत्या मेथी निवडत होती. विचारलं, "आत्या, तू का नाही गं लग्न केलंस?"

"स्थळं यायची की. आप्पा पत्रिका बघायचे. जुळायची नाही." दोन काड्या मोडल्या. मग म्हणाली, "एकदा मीच एक पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवून आले. चांगली जुळत होती."

एवढंच बोलली आणि मेथीची जुडी संपवली.

आणि 'हिंदोळ्यावर'ची अचला! नवऱ्यापासून वेगळी झालेली, तिच्यासारखीला कायद्याने घटस्फोटाची सोय नाही, आणि ती सरळ म्हणते की मला माणूस हवाय, मला मूल हवंय. १९३४ साली! आजही आपल्या एखाद्या ग्रुपवर कुणी असं लिहिलं तर खाली काय काय येईल ते तुम्हाला माहीत आहे.

बायका घराबाहेरचं लिहीत नाहीत म्हणणाऱ्यांनी 'बळी' वाचावी. बाईंनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली होती. काटेरी तारांचं कुंपण, आत कायद्यानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, रोजची हजेरी आणि जन्माला येतानाच शिक्का घेऊन येणारं मूल. ते सगळं १९५०च्या त्या कादंबरीत आहे. हे तुमचं थोडंफार?

भाषा आता जुनी वाटते, पात्रं मधूनच भाषण ठोकतात. हो, वाटते. ठोकतात. पुढे चला.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काका तसे प्रेमळ असावेत, मला आग्रहाने जिलबी वाढायला लावत होते. आप्पाही प्रेमळच होते. मला खांद्यावर बसवून जत्रेत न्यायचे. लबाडी करणारा माणूस दुष्ट दिसला असता तर किती सोपं झालं असतं.

आणि एक गोष्ट काकांपुढे बोलले नाही, इथे लिहिते. माझ्या बाबांचं इंजिनिअरिंग त्या खाकी पाकिटातून झालं. माझ्या बी.ए.ची फीसुद्धा. फी भरायला आत्याच आली होती. खिडकीतल्या क्लार्कने पावतीवर पालकाचं नाव विचारलं, तर तिने बाबांचं सांगितलं. मी शेजारीच उभी होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आत्याची प्रत माझ्याकडे आहे. बाइंडिंग सुटलंय. वाचायला कुणी मागू नका, ती देणार नाही. नवी विकत घ्या. काकांना मी एक पाठवतेय, साखरपुड्याची परतभेट म्हणून. अनुक्रमणिकेत फुली मारून.