आयएनजी दिसलं की जेरंड? जरा थांबा

गेल्या आठवड्यात पालकांच्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरून एकच मजकूर माझ्यापर्यंत पोचला. नाव 'दोन मिनिटांत जेरंड'. (इंग्रजी क्रियापद आयएनजी, म्हणजे '-ing', लागून नामाचं काम करतं, तेव्हा ते जेरंड.) त्यात दावे चार. पहिला, क्रियापदाला आयएनजी लागलं की झालं जेरंड. दुसरा, मराठीत 'णे' लावून बघा, जमलं तर जेरंडच. तिसरा, 'टू'च्या पुढे आयएनजी कधीच येत नाही. चौथा, जेरंड वापरा नाहीतर 'टू' वापरा, अर्थ तोच. आणि खाली आज्ञा: सर्व पालकांना पाठवा.

मी डिचोलीत दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. दोघांनी हे वहीत उतरवून आणलं, एकाने तर लाल शाईची चौकट करून. तेव्हा गप्प बसणं काही जमेना.

पहिला दावा घेऊ. गोव्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस ट्रॉलरांची मासेमारी बंद असते. इंग्रजी बातमीत येतं, 'फिशिंग इज बॅन्ड'. इथे 'फिशिंग' हा वाक्याचा कर्ता, नामाच्या जागी बसलेला, हे जेरंड. ऑगस्ट उजाडला की 'द ट्रॉलर्स आर फिशिंग'. तोच शब्द, पण आता तो क्रियापदाचा भाग आहे, ट्रॉलर काय करताहेत ते सांगतोय. हे प्रेझेंट पार्टिसिपल. 'फिशिंग नेट' आणि 'सिंकिंग बोट' शेजारी ठेवून बघा. होडी स्वतः बुडतेय. जाळं स्वतः मासे मारत नाही, ते मासे मारण्यासाठी आहे. म्हणजे पहिल्यात जेरंड, दुसऱ्यात पार्टिसिपल. जेरंड हे नाव शब्दाला त्याच्या कामावरून मिळतं, शेपटीवरून नव्हे.

मुलांचा गोंधळ होतो यात त्यांचा दोष नाही. जुन्या इंग्रजीत या दोन शेपट्या वेगळ्याच होत्या. नामाला '-उंग' किंवा '-इंग' लागायचं, पार्टिसिपलला '-एंडे'. मधल्या काही शतकांत दोन्ही एकाच '-इंग'मध्ये मिसळून गेल्या. हडलस्टन आणि पुलम या व्याकरणकारांच्या 2002 च्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात तर दोघांना मिळून 'जेरंड-पार्टिसिपल' असं एकच नाव दिलंय. पण त्यांनीही आयएनजी दिसलं की नाम समजा, असं म्हटलेलं नाही.

आता 'णे'. हा दावा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो अर्धा खरा आहे. 'पोहणे' हे आपलं धातुसाधित नाम आणि 'स्विमिंग' हे जेरंड यांचं नातं आहेच. पण शब्दकोश उघडा. 'टू स्विम'चा अर्थही 'पोहणे' असाच दिलेला असतो. मग 'णे' लावून जेरंड आणि इन्फिनिटिव्ह (हे 'टू'वालं रूप) वेगळे कसे करणार? उलट बाजूनेही तेच. 'आय लाइक स्विमिंग' आपण 'मला पोहायला आवडतं' असं म्हणतो, कोकणीत घरी 'म्हाका पेंवपाक आवडटा'. 'णे' कुठे दिसतो? 'आफ्टर ईटिंग' म्हणजे जेवल्यावर, 'विदाउट ईटिंग' म्हणजे न जेवता, 'बाय रीडिंग' म्हणजे वाचून. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी जेरंड आहे आणि मराठीत प्रत्येक वेळी वेगळं रूप.

माझे एक नातलग पोर्तुगीज अमदानीत शिकलेले. हा मजकूर त्यांना वाचून दाखवला तर म्हणाले, "जेरुंदिउ म्हणजे 'फालांदु' ना गो? बोलत, बोलताना." त्यांचं चुकलं नव्हतं. पोर्तुगीजमध्ये जेरुंदिउ हे नाव त्याच रूपाला आहे, आणि बोलणं हे नाम म्हणून वापरायचं तर तिथे साधं 'फालार' चालतं. दोन्ही भाषांनी नाव उचललं ते एकाच लॅटिन शब्दावरून, पण वेगवेगळ्या गोष्टींना चिकटवलं. एका भाषेचा प्रत्यय दुसरीवर छापासारखा मारला की काय होतं, ते एवढ्यावरूनच कळावं.

मराठीची मदत घ्यायचीच असेल तर 'वाचणं' आणि 'वाचन' यांची घ्या. 'कादंबरी भराभर वाचणं' यात कादंबरी हे सरळ कर्म आहे आणि भराभर हे क्रियाविशेषण. नाम झालं तरी क्रियापदाची सवय सुटलेली नाही. 'कादंबरीचं जलद वाचन' यात मात्र 'चं' आलं, विशेषण आलं, सगळं नामासारखं. इंग्रजीतही अगदी असंच आहे: 'रीडिंग द नॉव्हेल क्विकली' हे जेरंड, तर 'द क्विक रीडिंग ऑफ द नॉव्हेल' हे निखळ नाम. हे मुलांना एकदा मराठीतून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

(आणि मराठीत येऊन निखळ नाम झालेलं 'पार्किंग' बघा: 'पार्किंग मिळालं नाही' म्हणतो तेव्हा आपल्याला जागा मिळालेली नसते. म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला या, अनुभव येईल.)

तिसरा दावा निव्वळ चूक. तो पाळून मुलं पत्राच्या शेवटी 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहितात आणि गुण घालवतात. मी त्यांना एकच युक्ती देते: 'टू'च्या पुढे 'चवथ' (आपली गणेशचतुर्थी) ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू चवथ' हे बसतं, म्हणजे हा 'टू' प्रिपोझिशन (नामाच्या आधी येणारं शब्दयोगी अव्यय) आहे, आणि त्याच्यापुढे क्रियापद आणायचं तर ते जेरंड होऊनच येणार: 'टू मीटिंग यू'. 'आय वाँट टू चवथ' बसत नाही, तिथे 'टू मीट'च. 'आय यूज्ड टू लिव्ह इन वाळपई' म्हणजे पूर्वी राहायचे. 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन वाळपई' म्हणजे तिथे राहायची सवय आहे.

राहिला चौथा. 'इट स्टार्टेड रेनिंग' आणि 'इट स्टार्टेड टू रेन' यांत फरक शोधू नका. तेवढ्यापुरता दावा खरा. पण बसस्टँडवर शेजारीण भेटली आणि मी 'बोलायला थांबले', हे 'स्टॉप्ड टू टॉक'. बस सुटायला लागली तशी मी 'बोलायची थांबले', हे 'स्टॉप्ड टॉकिंग'. एक 'ला' आणि एक 'ची', पण पहिल्यात बोलणं सुरू झालं, दुसऱ्यात संपलं. कुलपाचंही तसंच. 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतं, 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे लावायचं लक्षात ठेव. लावल्याचं आणि लावायचं यांची अदलाबदल घरात करून बघा, कुलूप उघडं राहील.

काही क्रियापदं तर निवडच ठेवत नाहीत. 'एंजॉय', 'फिनिश', 'डिनाय' यांना जेरंडच लागतं. 'वाँट', 'होप', 'डिसाइड' यांना 'टू'. झालेल्या गोष्टीला जेरंड आणि व्हायच्या गोष्टीला 'टू' असं पुष्कळदा म्हणता येतं, पण 'सजेस्ट' पुढचं बोलतं आणि तरी जेरंड घेतं. तिथे पाठच करावं लागतं, इलाज नाही.

'अव्हॉइड'लाही जेरंडच लागतं. म्हणून मी गटावर उत्तर टाकलं: 'प्लीज अव्हॉइड फॉरवर्डिंग धिस'. दहा मिनिटांनी एका पालकांनी विचारलं, "मॅडम, 'टू फॉरवर्ड' लिहिलं तर चालेल?"