रिमोट मायएसक्यूएल का उघडत नाही: आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

आपण एक स्टार देऊन लिहिलंय की वर्षाचे पैसे भरूनही दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर वेबसाइटच्या डेटाबेसला (मायएसक्यूएलला) बाहेरून थेट जोडू दिलं नाही, आणि जुन्या होस्टिंगवर हेच एका क्लिकमध्ये व्हायचं. नकाराचं कारण कळायचा आपला हक्क आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तिकिटात आपण होस्टच्या, म्हणजे कुठून जोडायची परवानगी आहे त्या, रकान्यात '%' टाकून द्यायला सांगितलं होतं. म्हणजे जगातल्या कुठल्याही आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) लॉगिनला परवानगी. ३३०६ पोर्ट, म्हणजे मायएसक्यूएलचा दरवाजा, उघडा दिसला की पासवर्ड चाचपणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) दिवसरात्र धडकत राहतात. पासवर्ड कठीण आहे, एवढ्याने भागत नाही. २०१२ मध्ये मायएसक्यूएल आणि त्यातूनच निघालेल्या मारियाडीबीच्या काही तयार आवृत्त्यांमध्ये अशी त्रुटी निघाली होती की चुकीचाच पासवर्ड देत राहिलं तरी साधारण २५६ प्रयत्नांत एकदा सर्व्हर आत घ्यायचा! पोर्ट बाहेरून बंद होता ते सर्व्हर बाहेरच्या हल्ल्यातून वाचले.

फक्त आपला आयपी उघडावा, तर दुकानात मोबाइल डेटा आहे. तो आयपी बदलत राहतो, शिवाय एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो.

त्यात हा शेअर्ड, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेला, सर्व्हर. सगळ्यांना मिळून एकच मायएसक्यूएल, आणि त्याची एकावेळच्या कनेक्शनची मूळ मर्यादा १५१. ती सगळी बॉट्सनीच व्यापली की आपल्याबरोबर इतरांच्याही साइट बंद पडतात. साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या यूझरच्या टेबलांत कोणाला लिहिता आलं, तर तो स्वतःला अ‍ॅडमिन करून प्लगइनच्या (जोड-प्रोग्रामच्या) नावाखाली हवा तो कोड चढवतो. इतर ग्राहकांना हा धोका मी पत्करायला लावणार नाही.

आपलं काम मात्र अडायला नको. आपल्या प्लॅनमध्ये एसएसएच (सर्व्हरला सुरक्षितपणे जोडायची सोय) आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर की (पासवर्डऐवजीची किल्ली-फाइल) वापरून टनेल, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा बंद मार्ग, चालू ठेवायचा आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये होस्ट १२७.०.०.१ (म्हणजे तोच कॉम्प्युटर), पोर्ट ३३०७ (टनेलचं दुकानातलं टोक) भरायचा. सगळी माहिती एन्क्रिप्ट (सांकेतिक) होऊन जाते, ३३०६ बंदच राहतो. सॉफ्टवेअरसाठी वेगळा डेटाबेस यूझर करू, त्याला फक्त स्टॉकच्या टेबलाचे अधिकार देऊ. वर्डप्रेसचा पासवर्ड त्यात कृपया टाकू नका. अशी सॉफ्टवेअर तो बरेचदा साध्या फाइलमध्ये जसाच्या तसा ठेवतात.

आपलं तिकीट पुन्हा उघडलंय. सोयीची वेळ त्यात कळवा, टनेलची मांडणी मी स्वतः आपल्यासोबत बसून करून देईन.